बेबाअक्कानं पाहिलं होतं

यावलच्या पुढे सातपुड्याच्या अंगाला आंबेपाट नावाचं गाव आहे. तिथल्या बेबाबाईला सगळं गाव बेबाअक्का म्हणायचं. केळीच्या बागेत पिलं कापायला तिच्याइतका सरावाचा हात आसपास नव्हता. खोडाच्या बुडाशी फुटलेली ती कोवळी पिलं वेळच्या वेळी कापली नाहीत तर घड पोसत नाही. बेबाबाई विळा घेऊन ओळीत शिरली की मालकाला मागून जाऊन बघावं लागत नसे. घरची दीड एकर होती, ती नवरा मगन बघायचा. तेवढ्यावर भागत नाही म्हणून ती जीवरामभाऊंच्या बागेत मजुरीला जायची.

गावात तिची आणखी एक ओळख होती. बेबाअक्काला खोटं बोलता येत नाही, असं सगळे म्हणत, आणि दर वेळी कौतुकानं म्हणत असं नाही. एकदा तिच्या सख्ख्या भाचीचं लग्न जमत आलं होतं. चहा झाला, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "मुलीला दुखणंबिखणं काही नाही ना?" सगळे खाली बघत बसले. बेबाबाई म्हणाली, "लहानपणी फिट यायची. आता चार वर्षं झाली, आली नई." पाहुणे उठून गेले ते परत आले नाहीत. भाऊ दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. पण त्यानंतर गावात बांधावरून, वाटेवरून काही वाद झाला की लोक म्हणायला लागले, "बेबाअक्काले विचारा, ती सांगीन खरं काय ते."

तिच्या भिंतीला भिंत लागून प्रमिलाबाईचं घर होतं. प्रमिलाबाई विधवा, एकुलता एक मुलगा जितेंद्र, बारा एकर केळी आणि कधी न आटणारी विहीर. त्याच विहिरीवरून एक पाइप मगनच्या दीड एकराला यायचा. जितेंद्रच्या बापानं शब्द दिला होता, तो मुलानं पाळला होता, एवढंच. कागद काही नव्हता.

जितेंद्रची बायको डिंपल. माहेर दोंडाईचाकडचं. हसरी होती, लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या पोरींना मेंदी काढून द्यायची. मग कामिनी झाली, आणि हळूहळू डिंपल ओट्यावर दिसेनाशी झाली. जितेंद्र तिला मारायचा. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. आधी त्याचा आवाज चढायचा, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, मग कामिनीचं रडणं. डिंपलचा आवाज कधीच यायचा नाही. सकाळी ती पाणी भरायला निघाली की बायका तिच्याकडे न बघता बघायच्या. गावाला सगळं माहीत होतं आणि कुणालाच काही माहीत नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी डिंपल मागच्या दारानं बेबाबाईकडे आली. कामिनी कडेवर, पायात चप्पल नाही.

"अक्का, दोन दिवस राहू द्या मला. माहेरी आबांना फोन केला आहे. परवा घ्यायला येतात."

बेबाबाईनं आधी पोरीच्या हातात बिस्किटचा पुडा दिला. मग मगनकडे बघितलं. मगन जेवत होता. त्यानं ताटातून मान वर केली नाही, पण म्हणाला, "तो पानी बंद करीन. घड निसवायले आले हायेत."

बेबाबाई डिंपलला म्हणाली, "दोन दिवसाचाच सवाल हाये, बाई. निभव. तुहे आबा येतीनच."

डिंपलनं वाद घातला नाही. कामिनीचं बिस्किट संपेपर्यंत थांबली, आणि गेली.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला बेबाबाई जीवरामभाऊंच्या बागेत पिलं कापत होती. ही बाग जितेंद्रच्या विहिरीच्या पलीकडच्या अंगाला आहे. पानांत पानं अडकलेली, दाट. चार ओळींच्या पुढचं माणूस दिसत नाही. तिला पाण्याचा मोठा आवाज आला. तिला वाटलं, मोटरीचं काहीतरी सुटून विहिरीत पडलं. तिनं आणखी एक ओळ कापली. मग जितेंद्रची बोंब ऐकू आली, "अरे धावा रे, धावा!"

ती पोचली तेव्हा तो काठावर उभा होता. दोघं-तिघं उतरले. दोर, खाट, आरडाओरडा. डिंपलला वर काढायला अर्धा तास लागला. जितेंद्र जमिनीवर बसून डोकं बडवत होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता, "मोटर चालू कराले आली होती. पाय घसरला."

घसरला असेल. तिनं स्वतः उडी घेतली असेल. त्यानं ढकललं असेल. तिन्ही गोष्टी होऊ शकत होत्या, आणि काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात तिसरी होती.

डिंपलचे वडील अभिमन आबा लेकीला न्यायला निघालेले होते. त्यांना वाटेत अमळनेरला फोन गेला. ते आले तेव्हा पोलीस पंचनामा करत होते. आबा उंच, वाळलेले, डोक्यावर टोपी. ते रडले नाहीत. एकेका माणसापुढे जाऊन उभे राहिले.

"कोनी दखं का? एखादानं तरी दखं व्हई."

कोणी पाहिलं का. एकानं तरी पाहिलं असेल. माणसं माना खाली घालत होती, एक पाऊल मागे सरकत होती. आबा सरपंचांपुढून जीवरामभाऊंपुढे आले, जीवरामभाऊंपुढून बायकांपुढे. बेबाबाईच्या समोर उभे राहिले. तिला त्यांच्या चेहऱ्यावर डिंपलचं नाक दिसलं.

"मी पाह्यलं," बेबाबाई म्हणाली.

आपण बोललो हे तिला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं. मागे फिरायला तेव्हा एक क्षण होता. पण तेवढ्यात हवालदार वही घेऊन पुढे आले, आणि त्यांनी विचारलं, काय पाहिलं? ती सांगत गेली. दोघं काठावर होते. तो तिच्या दंडाला धरून ओढत होता. मग त्यानं दोन्ही हातांनी ढकललं. निळा शर्ट होता. शर्ट खरंच निळा होता, जितेंद्र तोच घालून समोर बसला होता. खोटं बोलायला एवढं कमी लागतं, याचं तिला मागाहून फार नवल वाटलं.

त्या संध्याकाळी मगननं भाकरीचा तुकडा मोडून हातातच ठेवला.

"तू जीवरामभाऊच्या बागेत होतीस."

"हो."

"तिथून इहीर दिसते?"

"दिसते."

"मी तीस वर्षं झाली ती बाग पाहतो," मगन म्हणाला. पुढे काही बोलला नाही. नंतरही कधी बोलला नाही, आणि तेच तिला जड गेलं. तो भांडला असता तर ती सांगू शकली असती, की मंगळवारी त्या पोरीला आपण दारातून परत पाठवलं, आता निदान एवढं तरी करू दे.

पाइप आठ दिवसांत तुटला. प्रमिलाबाईच्या भावकीनं तोडला. निसवायला, घड टाकायला आलेली केळी उभ्या उभ्या वाळली. मगननं खोडं काढून टाकली आणि ज्वारी पेरली. दोघांनी त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. जिल्ह्याच्या कोर्टात बेबाबाई इस्त्रीचं पातळ नेसून गेली. जितेंद्रच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं, "केळीच्या बागेत चार ओळींच्या पुढचं दिसतं का, बाई?"

"भरल्या बागेत नई दिसत. कडेच्या ओळींचे घड कापून झाले होते, पानं तोडलेली होती. तिथून दिसते."

तीन वर्षांत ती बाग दोनदा मोडून पुन्हा लावली गेली होती. तपासायला काही उरलं नव्हतं. सरकारी वकिलांनी गावातले दोन साक्षीदार उभे केले, ते एवढंच म्हणाले, की बेबाअक्का खोटं बोलत नाही. भाचीच्या लग्नाची गोष्टसुद्धा त्यांनी सांगितली. जितेंद्र मारायचा हे मग चार बायकांनीही सांगितलं. पहिल्यांदाच, मोठ्यानं, कुणीतरी आधी बोललं होतं म्हणून.

जन्मठेप झाली. पोलिसांनी जितेंद्रला बाहेर आणलं तेव्हा व्हरांड्यात बेबाबाई भिंतीला टेकून उभी होती. तो थांबला. चेहऱ्यावर राग नव्हता.

"अक्का, तुम्ही नव्हत्या तिथं," तो म्हणाला.

एवढंच. मी ढकललं नाही, असं तो म्हणाला नाही. तिनं पुढे ते वाक्य हजार वेळा उलटंसुलटं करून पाहिलं. ढकलणारा माणूसही आजूबाजूला कोणी नाही हे बघूनच ढकलतो. न ढकलणाऱ्यालाही कोणी नव्हतं हे माहीत असतं. दोन्ही माणसं हेच बोलली असती.

त्यानंतर बेबाबाईचं नाव झालं. यावलला महिलांच्या कार्यक्रमात तिला साडी, नारळ आणि काचेत बसवलेलं मानपत्र दिलं. एक बाई भाषणात म्हणाल्या, की गाव गप्प असताना ही एक अशिक्षित माउली उभी राहिली, पाण्यावर पाणी सोडलं पण शब्द सोडला नाही, हिला वीरांगना म्हणू नये तर कुणाला म्हणावं? टाळ्या झाल्या. बेबाबाईला बोलायला सांगितलं. ती माइकसमोर गेली आणि म्हणाली, "मी काई केलं नई." तेही नम्रपणा म्हणून लोकांना फार आवडलं.

आणि भाषण पोकळ होतं असंही नाही. आंबेपाटात खरोखर फरक पडला. खालच्या आळीतली पुनम एक दिवस तिच्याकडे आली, नवीन लग्न झालेली. म्हणाली, "अक्का, यांचा हात उठला होता काल. सासूबाईच बोलल्या, बेबाअक्काच्या कानावर गेलं तर? खाली आला बघा हात." पुनम हसत होती. बेबाबाईनं तिला जवळ घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिली. एका खोट्यावर किती बायकांची घरं टेकली होती ते तिनं मोजायचं सोडून दिलं होतं.

प्रमिलाबाई भिंतीपलीकडे एकटी राहायची. बागा बटाईनं दिल्या होत्या. महिन्यातून एकदा ती पिशवीत फरसाण, साबण, घरचं लोणचं भरून मुलाला भेटायला तुरुंगात जायची. पहाटेची एसटी धरायची, संध्याकाळी परत. दोन घरांत पाच वर्षं शब्द नव्हता. गेल्या वर्षी फाल्गुनात, दुपारच्या वेळी ती बेबाबाईच्या दारात येऊन उभी राहिली. बेबाबाईला वाटलं, आता शिव्या देईल. ती उठून उभी राहिली, त्या खायला तयार झाली.

"बस," प्रमिलाबाई म्हणाली. "मी भांडाले नई आली. मले एक सांग. तू पाह्यलं का खरंच?"

"वहिनी, आता काहून..."

"तो मले म्हणते, आई, मी नई केलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहते. तो लहानपणी खोटं बोलला का मले कळे. आता कळत नई. तो मारायचा, ते मी या डोळ्यांनी पाह्यलं, न मी आडवी नई गेली. ते मह्यं पाप. पण हे? एक डाव वाटते केलं असीन, एक डाव वाटते नई. एसटीत बसल्यावर मले समजत नई, मी कोणाले भेटाले चालली. तू कधी खोटं बोलली नई. तू सांग, मी मानते."

दारात ऊन होतं. प्रमिलाबाईचा पदर डोक्यावरून घसरला होता, केस पार पांढरे झाले होते. नाही म्हणायचं, तर आत्ता, असं बेबाबाईला वाटलं. पण नाही म्हटलं की ही बाई उद्या वकिलाकडे जाईल. जितेंद्र सुटेल. त्यानं केलं असेल तरी सुटेल. आजोळी वाढणाऱ्या कामिनीवर हक्क सांगेल. पुनमच्या नवऱ्याचा हात पुन्हा वर जाईल. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं. आणि त्याच्या खाली, अगदी तळाला, आणखी एक होतं, आपल्यालाच बेड्या पडतील. कोणत्या कारणानं आपण बोललो हे तिला आजही नक्की सांगता येत नाही.

"पाह्यलं," ती म्हणाली.

प्रमिलाबाईनं बराच वेळ मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली. "सुटली मी." आणि भिंतीला हात लावत घरी गेली.

पुढच्या महिन्यात ती पहाटे उठली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पिशवी खुंटीला तशीच लटकलेली बेबाबाईला येता-जाता दिसायची. वरच्या कोर्टात अपील होतं, त्याच्या वकिलाकडे जाणंही प्रमिलाबाईनं बंद केलं. जितेंद्रला आता बाहेरचं कुणी नव्हतं.

बेबाबाईची झोप गेली. ती यावलला एका वकिलाकडे गेली, आणि आपल्या ओळखीच्या एका बाईची म्हणून सगळी गोष्ट सांगितली. वकील समजदार होते. त्यांनी नाव विचारलं नाही. म्हणाले, "त्या बाईंनी आता साक्ष फिरवली तर पहिल्यांदा त्याच आत जातील. तो माणूस सुटेलच असंही नाही, कोर्ट म्हणेल पैसे घेऊन फिरल्या. आणि एक विचारा त्यांना, त्यानं केलं नाही, हे त्यांना माहीत आहे का?"

"नई," बेबाबाई म्हणाली. "तेही माहीत नई."

"मग काय सांगणार त्या?"

शेवटी तिनं ठरवलं, अभिमन आबांना सांगायचं. ज्याच्यासाठी बोललो त्यालाच सांगायचं, मग तो म्हणेल तसं. जळगावहून गाडी धरली आणि दोंडाईचाला उतरली. आबा स्टेशनवर घ्यायला आले होते. गावातल्या घरी अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. घरात तिचं पाहुण्यासारखं नाही, देवासारखं केलं. आबांची बायको तिच्या पाया पडली. वयानं मोठी बाई. बेबाबाईनं तिचे हात धरून उठवलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

कामिनी नऊ वर्षांची झाली होती. शाळेचा गणवेश, दोन वेण्या. तिनं पाणी आणून दिलं आणि समोरच उभी राहिली.

"आजी, तुम्ही माझ्या आईला पाहिलं होतं ना?"

"हो, बेटा."

"ती ओरडली का? काही बोलली का पडताना?"

कोर्टात शर्टाचा रंग सांगता आला होता. इथं बेबाबाईला एक अक्षर सुचेना. सांगितलं असतं, तुझं नाव घेतलं, तर पोरीनं ते जन्मभर जपलं असतं. तिनं हातातलं पाणी खाली ठेवलं. कामिनीनं थोडी वाट पाहिली. मग तिला वाटलं असावं की आजीला आठवून त्रास होतो आहे, म्हणून तिनंच बेबाबाईच्या पाठीवरून हात फिरवला.

परतीच्या गाडीला तासभर होता. स्टेशनच्या बाकावर आबा आणि ती, दोघंच. बेबाबाई म्हणाली, "आबा, मले तुम्हाले एक सांगायचं हाये. त्या दिवशी मी..."

"माले माहीत शे," आबा म्हणाले.

तिला वाटलं, ते दुसरंच काही म्हणत आहेत.

"तू काही दखं नही. माले सुरुवातपासून माहीत शे."

दहाव्याच्या आदल्या दिवशी ते एकटेच आंबेपाटला आले होते. जीवरामभाऊंच्या बागेत शिरून, पिलं कापलेली ताजी खुणेची ओळ शोधून, तिथं उभे राहिले होते. वाकून बघितलं, सरळ उभं राहून बघितलं. कडेच्या ओळींचे घड तेव्हा झाडावरच होते. विहीर दिसत नव्हती. तसेच ते परत गेले आणि आजवर कुणाला, बायकोलाही, बोलले नव्हते.

"मंग बोलले काहून नई? खटला उभा राह्यला तवर तीन वर्षं होती."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कोनी तरी दखाले पाहिजे व्हतं ना, बेबाबाई?"

"अन् त्यानं नसीन केलं तर?"

पलीकडच्या रुळावरून मालगाडी गेली, बराच वेळ जात राहिली. तिचा आवाज संपल्यावर आबा एवढंच म्हणाले, की पोरीला काही सांगू नको. तिच्यापाशी आईचं म्हणून एवढंच आहे, की कुणीतरी तिच्या बाजूनं उभं राहिलं होतं. मग गाडी आली. त्यांनी तिची पिशवी आत चढवून दिली आणि खिडकीशी हात जोडून उभे राहिले. तिनंही हात जोडले. दोघांना एकमेकांकडे बघवत नव्हतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती प्रमिलाबाईकडे गेली. इकडून नाही तर तिकडून, कुठूनतरी हे सुटलं पाहिजे, असं तिला झालं होतं. प्रमिलाबाई ओट्यावर ज्वारीच्या पिठाच्या बिबड्या, वाळवणाचे पापड, थापत होती. एकटीचं घर, पण घमेलंभर पीठ शिजवलं होतं.

"वहिनी," बेबाबाई उभ्यानंच म्हणाली, "मी तुम्हाले त्या दिवशी सांगतलं ते..."

"नको," प्रमिलाबाईनं ओला हात वर केला. "एक डाव ऐकलं तेवढं पुरे. पुन्हा नको सांगू. मी कशीबशी निजाले लागली आता."

तेवढ्यात तिच्या शेजारी ठेवलेला मोबाइल वाजला. तुरुंगातून आठवड्याला फोन करू देतात, त्याची हीच वेळ होती. प्रमिलाबाईनं तिकडे बघितलं नाही. फोन वाजून वाजून थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला.

"उचला, वहिनी," बेबाबाई म्हणाली. "उचला ना."

"पीठ थंडं होते," प्रमिलाबाई म्हणाली. "बसतीस तर बस, हात लाव."

बेबाबाई खाली बसली, हाताला पाणी लावलं, आणि पिठाचा गोळा उचलला.